कथा, हुंकार आणि यंत्र: आदिवासी कथांवर एआयच्या मदतीनं काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यात चित्रपट, जनसंवाद किंवा उपयोजित कला शिकणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला वरचेवर येतो. ‘आदिवासी लोककथांवर पॉडकास्ट करायचाय, जमल्यास ॲनिमेशनही. आता एआय आहे, तर महिनाभरात होईल ना?’

महिनाभरात काहीतरी नक्की तयार होईल. त्यात कथा उरलेली असेल का, हे मात्र यंत्राला कोणतं काम दिलंत आणि कोणतं दिलं नाहीत यावर ठरेल. मी गेली काही वर्षं आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर जाऊन गोष्टी ऐकतोय, रेकॉर्ड करतोय, त्यांतून छोट्या श्राव्य मालिका करतोय. एआय रोज वापरतो आणि ते उपयोगाचं आहे असं मनापासून वाटतं. पण त्याची एक सवय पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा: ते सगळं गुळगुळीत करतं. पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याच अंदाजावर भाषेची एआय मॉडेलं चालतात आणि तो अंदाज त्यांना शिकवलेल्या मजकुरावरून येतो. मराठीत हा मजकूर म्हणजे बहुतेक छापील, प्रमाण मराठी. वस्तीवरची बोली त्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे बोलीतला शब्द दिसला की यंत्राला ती चूक वाटते आणि ते आपण होऊन ‘दुरुस्त’ करतं. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या ही दुरुस्ती रोखण्यासाठीच आहेत.

पुणे सोडण्याआधी

पहिले आठ दिवस कुठलंही ॲप उघडू नका. क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत जा. १९६२ साली सुरू झालेली ही संस्था आपल्या शहरात आहे, हे इथल्या कितीतरी कलाविद्यार्थ्यांना माहीत नसतं. तिथलं संग्रहालय सावकाश पाहा. मुखवटे, वाद्यं, कणग्या, मासे धरण्याची साधनं बघितलेली असली की गोष्टीत ती आल्यावर तुम्ही अडखळत नाही.

दुसरं, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांच्या सोबतीनं, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होतात. हा संग्रह काही फक्त आदिवासी बायकांचा नाही. पण ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तिची माहिती आहे, जमलं तिथे फोटोही आहे. ‘लोकपरंपरेतून’ असं एका शब्दात गुंडाळून टाकलेलं नाही. तुमच्या कामाचा तक्ता असाच आखा: सांगणारी व्यक्ती, गाव, तिनं गोष्ट कुणाकडून ऐकली, कोणत्या प्रसंगी सांगतात, रेकॉर्डिंगच्या वेळी कोण कोण होतं.

आणि ‘आदिवासी कथा’ असा एकच गठ्ठा डोक्यातून काढून टाका. मुळशी-मावळातल्या कातकऱ्यांची गोष्ट, आंबेगावच्या महादेव कोळ्यांची, डहाणूच्या वारल्यांची आणि गडचिरोलीच्या माडियांची गोष्ट यांत भाषा, देव, रान सगळंच निराळं. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनेत, नुसतं ‘ट्रायबल स्टोरी’ लिहिलंत, तर यंत्र या सगळ्यांचं कालवण करून वाढतं.

परवानगी

वस्तीवर पहिल्या फेरीत रेकॉर्डर नेऊ नका. ओळखीच्या माणसाबरोबर जा: शाळेतले गुरुजी, आशाताई, वस्तीवरचा एखादा शिकणारा मुलगा. गोष्ट कोण सांगतं ते विचारा, बसा, ऐका, जेवायला थांबवलं तर थांबा.

दुसऱ्या फेरीत परवानगी घ्या. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेण्याला मी परवानगी मानत नाही. गोष्ट सांगणारीच्या बोलीत, तिला कळेल असं विचारा आणि विचारणं व उत्तर दोन्ही रेकॉर्ड करा. मी साधारण असं विचारतो: ही गोष्ट मी मशिनीत भरून घेऊ का? ती गावाबाहेरच्या लोकांनी ऐकलेली चालेल का? कंपनीच्या कॉम्प्युटरला ती दिली तर तो त्यातून शिकेल आणि पुढे कुणालाही तसं काहीबाही सांगेल, ते चालेल का? गोष्टीत असं काही आहे का, जे ठरावीक वेळीच सांगायचं किंवा परक्याला सांगायचंच नाही?

शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. काही कथा विधीचा भाग असतात. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात म्हटलं जाणारं काही बाकी वर्षभर तोंडातून काढायचं नसतं. काही भगतानंच म्हणायचं असतं. ‘नाही’ म्हणाले तर तिथे विषय संपला. मी केलेली दोन चांगली रेकॉर्डिंगं अशीच पुसली आहेत.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तो आपल्यालाच नीट कळलेला नसतो. अनेक मोफत साधनं तुम्ही दिलेला मजकूर किंवा आवाज पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू शकतात. बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. ते आधी बंद करा, मगच काही अपलोड करा. शक्य असेल तिथे स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारंच साधन वापरा.

न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाच्या ‘ते हिकू मीडिया’ या रेडिओ संस्थेनं हा प्रश्न फार पुढे नेला. आपल्या भाषेतलं वाचन रेकॉर्ड करून द्या असं त्यांनी लोकांना २०१८ मध्ये आवाहन केलं आणि दहा दिवसांत ३०० तासांहून जास्त आवाज जमा झाला. त्यावर त्यांनी माओरी बोलणं ओळखणारी स्वतःची प्रणाली बांधली. तो साठा बाहेरच्या कंपन्यांना विकायला नकार दिला आणि वापरासाठी स्वतःचा परवाना तयार केला. त्याचं नाव त्यांच्या ‘काइतियाकितांगा’ या शब्दावरून आहे. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे: राखण. आहुप्याच्या देवराईत गेलात तर हे समजावून सांगावं लागत नाही. राईत जाता येतं, सावलीला बसता येतं, पण तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. लोकांचा आवाज तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे तोवर तुम्ही त्याचे राखणदार आहात.

रेकॉर्डिंग, आणि तो ‘हं’

तांत्रिक बाजू सोपी आहे. साधा फोन चालतो, कॉलर-माइक असला तर उत्तम. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ठेवा. फोन विमान मोडवर टाका. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, लुगड्याच्या घडीवर घासणार नाही असा. फोनमधला आवाज ‘स्वच्छ’ करणारा पर्याय बंद करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि हजर माणसांची नावं स्वतःच्या आवाजात बोला. त्याच रात्री तीन प्रती करा.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे कथा एकट्यानं सांगत नाहीत. समोर कुणीतरी हुंकार देणारं लागतं. सांगणारी म्हणते, ‘एक होता म्हातारा’, की समोरचा म्हणतो, ‘हं’. ‘त्याला सात लेकी’, ‘हं’. हुंकार मंदावला की सांगणारीला कळतं, पोर झोपलं किंवा कंटाळलं. मग ती गोष्ट आवरते, नाहीतर एखादा वाघ मध्ये आणते. गोष्टीची लय निम्मी त्या ‘हं’वर चालते.

माझ्या पहिल्या वर्षी, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीवर, चुलीजवळ बसून एका आजींची पाऊण तासाची गोष्ट घेतली. घरी येऊन एका एआय साधनातून ती साफ केली. चुलीतली लाकडं तडतडत होती ती गेली, कोंबडी गेली, आजींचा आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. मला फार आनंद झाला. महिन्यानं ती फाइल घेऊन परत गेलो आणि अंगणात ऐकवली. आजी दोन-तीन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘यात हं कोन म्हनतंय? कुनी ऐकत नव्हतं का?’

त्यांचा नातू सबंध वेळ हुंकार देत होता. यंत्रानं तो गोंगाट म्हणून पुसून टाकला होता. आजी भिंतीशी बोलत असल्यासारख्या ऐकू येत होत्या.

तेव्हापासून दुसरा रेकॉर्डर ऐकणाऱ्यांच्या दिशेनं ठेवतो. हुंकार, हसणं, ‘आगं, तसं नाय’ म्हणून मध्येच टोकणारी शेजारीण, हे सगळं वेगळ्या ट्रॅकवर येतं. सफाई करायचीच असेल तर सांगणाऱ्या आवाजाच्या ट्रॅकवर करा, तीही साधनाच्या पूर्ण जोराच्या एक-चतुर्थांशच, आणि मूळ फाइलला हात लावू नका.

बोलणं कागदावर उतरवणं

एआयची सगळ्यात मोठी मदत इथे होते आणि सगळ्यात मोठी हानीही इथेच. तासभराचं बोलणं हातानं उतरवायला पूर्ण दिवस जातो. ओपनएआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल फुकट आहे, स्वतःच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याला मराठी येतं. काथोडी (कातकऱ्यांची बोली), ठाकरी, भिली त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे जे बाहेर येईल तो कच्चा खर्डा समजा.

पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. एका तक्त्यात शेजारी शेजारी दोन रकाने ठेवा: डावीकडे यंत्रानं लिहिलेलं, उजवीकडे तुम्ही कानानं ऐकून लिहिलेलं. उजवा रकाना भरताना घाई करू नका. मी वापरलेल्या एका साधनानं ‘बाळहिरडा’चा ‘बाळ हिरवा’ केला होता, ‘चाईचा बार’चा ‘चहाचा बार’ आणि वरसूबाई देवीची ‘वर्षाबाई’. हिरडा हे त्या पट्ट्यातल्या घरांचं नगद पीक, चाई ही पावसाळ्याच्या तोंडाला येणारी वेल, तिच्या बाराची, म्हणजे फुलोऱ्याची, भाजी करतात, आणि वरसूबाई तर देव. एका पानावर पोट, रान आणि देव तिन्ही पुसले गेले आणि वाचताना मराठी अगदी शुद्ध दिसत होती. हाच धोका आहे. चूक ओबडधोबड असली तर दिसते, ही दिसत नाही.

आणखी एक. सांगणारी थांबली, विचारात पडली, तर त्या शांततेच्या जागी अशी मॉडेलं कधीकधी कुणी न बोललेलं वाक्य घालतात. म्हणून प्रत्येक विराम कानानं तपासा आणि कागदावर ‘(थांबतात)’ असं लिहा.

मग चॅटबॉटकडे जा. त्याला ‘हे नीट करून दे’ असं कधीही सांगू नका. मी देतो ती सूचना अशी: ‘हा मजकूर बोलीतला आहे. एकही शब्द, प्रत्यय किंवा पुनरुक्ती बदलू नकोस, गाळू नकोस. फक्त विरामचिन्हं दे. जे शब्द तुला अनोळखी वाटतात त्यांची वेगळी यादी कर, अर्थाचा अंदाज करू नकोस.’ इतकं सांगूनही ते एखादा शब्द बदलतंच, म्हणून आधीच्या मजकुराशी ताडून पाहा.

ती अनोळखी शब्दांची यादी मात्र सोन्यासारखी जपा. यंत्राला न कळलेले शब्द म्हणजे अजून कुठल्या पुस्तकात न गेलेले शब्द. ती यादी घेऊन पुढच्या फेरीत आजींकडे जा. एकेका शब्दावर दहा दहा मिनिटं बोलणं होतं आणि त्यातून नव्या गोष्टी निघतात. डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचं मोठं काम केलं आहे आणि ते इंटरनेटवर खुलं आहे. यादीतला शब्द तिथे दुसऱ्या कुठल्या तालुक्यात सापडतो का, तेही बघा.

पुनरुक्तीबद्दल वेगळं सांगतो. गोष्टीत म्हातारा ‘चालला, चालला, चालला, चालला’ असं येतं. चार वेळा म्हणताना आजींचा आवाज खाली खाली जातो, शेवटचा ‘चालला’ जेमतेम ऐकू येतो आणि म्हातारा खरंच डोंगराआड गेलेला दिसतो. यंत्र त्याचं करतं: ‘म्हातारा बराच वेळ चालत राहिला.’ माहिती तीच, डोंगर गेला.

भाषांतर

भिली बोलणारे २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त आहेत, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास, तरी दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. तिथे नसलेल्या भाषांकडे तंत्रज्ञानही उशिरा पोचतं. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन प्राथमिक स्वरूपात आणलं. त्यात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. वापरून बघा, पण कथेसाठी त्यावर विसंबू नका. बोलीतून प्रमाण मराठीत न्यायचं असेल तर ती बोली घरात बोलणारा माणूस शेजारी बसवा आणि त्याला मानधन द्या. देवांची, झाडांची, नात्यांची नावं तशीच राहू द्या.

चित्रं

इथे माझं मत ठाम आहे. वारली शैलीत, गोंड शैलीत चित्र काढून दे असं एआयला सांगू नका, कच्च्या आराखड्यासाठीसुद्धा नाही. एकदा ते पडद्यावर दिसलं की मोह होतो आणि तेच अंतिम ठरतं.

कारण बघा. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहितात. सुवासिनी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि चौकात पालघट देवी असते. तिच्याविना लग्न लागत नाही. तारप्याच्या नाचात नाचणारे तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत. एका चित्रसाधनानं मला दिलेल्या ‘वारली’ चित्रात चौक रिकामा होता आणि निम्मे नाचणारे तारप्याला पाठ करून उभे होते. त्रिकोण बरोबर होते, गेरूचा रंग बरोबर होता. त्या घरातल्या माणसाला मात्र तो देवीविना देव्हारा दिसेल. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. चित्रकार आहेत, डहाणू-जव्हार पुण्याहून एका दिवसाच्या वाटेवर आहे. त्यांच्याकडून चित्रं काढून घ्या.

एआयला द्यायची कामं वेगळी आहेत: चित्रकाराच्या कागदाचं स्कॅन साफ करणं, थर सुटे करणं, कोणतं दृश्य किती सेकंद याचा हिशेब, उपशीर्षकं. चित्र हलवायचं असेल तर चित्रकाराला दाखवून, विचारून.

आणि सतत हलवायची गरजही नसते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एक स्थिर चित्र आणि एक आवाज यांवर माणूस किती वेळ खिळून राहतो, हे तिथे बघून या. ॲनिमेशनचा निम्मा खर्च वाचेल.

आवाजाची नक्कल

करू नका. सांगणाऱ्याच्या आवाजाचा नमुना घेऊन त्याच्याकडून न बोललेली वाक्यं वदवून घेणं आता दोन मिनिटांचं काम झालं आहे. ‘इंग्रजी आवृत्तीसाठी आजींचाच आवाज’ ही कल्पना मोहाची आहे, मला पुष्कळांनी सुचवली. पण आजी गेल्यानंतर त्या घरात तो आवाज काय काय बोलत राहील, याचा विचार करा. निवेदन दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. आजींचा मूळ आवाज खाली मंद ऐकू येऊ दे.

नाव, पैसा, कायदा

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते करणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला देतो. सांगणाऱ्या व्यक्तीला सादरकर्ती म्हणून वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षांचा. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा त्या समाजाची आहे, असं सांगणारं सरळ कलम त्यात नाही. म्हणजे कायदा तुमच्या बाजूला झुकलेला आहे, हे ओळखून साध्या मराठीत करार करा. कथेवरचा हक्क सांगणाऱ्यांचा व गावाचा, रेकॉर्डिंग वापरण्याची परवानगी अमुक कामापुरती, एआयच्या प्रशिक्षणासाठी देणार नाही, उत्पन्न झालं तर वाटा अमुक, आणि परवानगी मागे घेता येईल. करार वाचून दाखवा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. मानधन त्याच दिवशी, हातात द्या. सांगणारी रोजंदारी बुडवून तुमच्यासमोर बसलेली असते.

श्रेयनामावलीत पहिलं नाव तिचं, तिची हरकत नसेल तर. एआय कुठे वापरलं ते एका ओळीत लिहा: ‘शब्दांकनाचा कच्चा खर्डा आणि उपशीर्षकं यांसाठी एआय वापरलं, कथा व चित्रं माणसांची.’ खऱ्या वाटतील अशा कृत्रिम दृश्यांची किंवा आवाजांची नोंद करणं यूट्यूबनं २०२४ पासून बंधनकारक केलं आहे, पण यूट्यूब मागो न मागो, ही ओळ टाका.

परत गावात

प्रसिद्ध करण्याआधी काम गावात ऐकवा. नेटवर्क मिळेल या भरवशावर जाऊ नका, फाइल फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर घ्या. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर पुरतो. संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, अंगणात लावा. स्वतः मागे बसा, पडद्याकडे न बघता माणसांकडे बघा. कुठे हसतात, कुठे एकमेकांकडे बघतात, कुठे एखादी म्हातारी मान हलवते ते वेळेसकट टिपून ठेवा. काढायला सांगतील ते काढा, कारण विचारत बसू नका. सगळ्या रेकॉर्डिंगची एक प्रत शाळेत किंवा वस्तीवरच्या कुणा जाणत्या पोराकडे ठेवा, उघडायची कशी ते दाखवून.

माझ्या त्या हुंकार पुसलेल्या गोष्टीचं असंच झालं. मूळ फाइलवरून मी ती पुन्हा बांधली, नातवाचा ‘हं’ जागेवर आणला आणि पावसाळ्यानंतर परत ऐकवली. नातू आता शाळेत जायला लागला होता. स्पीकरमधल्या आजी ‘त्याला सात लेकी’ म्हणाल्या तसा तो स्पीकरसमोरच बसून मोठ्यानं ‘हं’ म्हणाला. एकाच पोराचे दोन हुंकार एका वेळी आले. मग आजींनी स्पीकर बंद करायला लावला आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, या वेळी आठ लेकी होत्या.

घोडेगावकडे जाणारी शेवटची एसटी कधी सुटते ते दुपारीच विचारून ठेवा, आणि एक रिकामं मेमरी कार्ड बरोबर असू द्या.